होस्टिंगवर काय ठेवावे आणि बॅकअप कुठे ठेवावा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतात : संकेतस्थळ ठेवण्यासाठी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या जागेवर, म्हणजे होस्टिंगवर, कोणत्या फाइली ठेवता येतात, बॅकअप, म्हणजे फाइलींची राखीव प्रत, तिथेच साठवला तर कंपनी हरकत का घेते, आणि मग तो ठेवायचा कुठे. पत्रे नाशिक शहर व जिल्ह्यातील निरनिराळ्या व्यावसायिकांची आणि संस्थांची आहेत. होस्टिंग घेताना आपण किंमत पाहतो, जागा पाहतो. ‘मान्य वापराचे धोरण’ या पानावर मात्र न वाचताच ‘मान्य आहे’ अशी खूण करून मोकळे होतो, आणि बहुतेक अडचणी त्या पानातूनच उगवलेल्या आहेत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावे गाळली असून प्रश्न आवश्यक तेथे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : कॉलेज रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. ‘अमर्याद जागा’ अशी जाहिरात पाहून मी तीन वर्षांसाठी शेअर्ड होस्टिंग घेतले. वेबसाइटवर निवडक फोटो आहेत. त्याशिवाय ग्राहकांच्या लग्नांचे मूळ फोटो झिप करून त्याच जागेत ठेवले आणि स्टुडिओतल्या संगणकाचा बॅकअपही तिथेच टाकत गेलो. हा वापर नियमांत बसत नाही, ४८ तासांत फाइली काढा, असा कंपनीचा ईमेल आला होता. पण लग्नसराईच्या धावपळीत तो पाहिला गेला नाही आणि खाते बंद झाले. जागा अमर्याद म्हणून विकायची आणि ग्राहकाने ती वापरली की दार लावून घ्यायचे, ही फसवणूक नव्हे काय?

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, आणि अशी जाहिरात ग्राहकाला गाफील ठेवते, असे माझेही मत आहे. तरीही तक्रार घेऊन पुढे गेलात तर कंपनी आपण स्वीकारलेल्या अटींकडेच बोट दाखवील. शेअर्ड होस्टिंग देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या धोरणात शब्द वेगळे असले तरी आशय सारखा असलेले एक कलम असते : ही जागा संकेतस्थळ चालवण्यासाठी आणि त्याच्याशी संबंधित ईमेलसाठी आहे, फाइलींचा संग्रह, घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकाचा बॅकअप, दुसऱ्या सर्व्हरची प्रतिकृती किंवा लोकांनी उतरवून घ्याव्यात म्हणून ठेवलेली गाणी, चित्रपट व सॉफ्टवेअर यांसाठी ती वापरता येणार नाही. ढोबळ कसोटी अशी की संकेतस्थळाच्या एखाद्या पानावरून ज्या फाइलीपर्यंत पाहुणा पोहोचतो, ती फाइल नियमात बसते. आपल्या गॅलरीतले निवडक फोटो त्यामुळे बसतात; ग्राहकांच्या मूळ फोटोंच्या झिप आणि स्टुडिओच्या संगणकाचा बॅकअप बसत नाही. महात्मा गांधी रोडवरचा गाळा दुकानासाठी भाड्याने घेऊन त्यात केवळ गोदाम थाटावे, तसा हा प्रकार कंपनीला वाटतो.

कंपनी यावर एवढी काटेकोर का असते, हे समजले तर राग थोडा निवळेल. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो खाती नांदत असतात आणि प्रत्येक ग्राहक सांगितलेल्या जागेचा अगदी लहान हिस्साच वापरील, या गृहीतकावर ते स्वस्त भाडे बेतलेले असते. मोकळी डिस्क ही त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. खर्च येतो तो त्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीची रोज किंवा आठवड्याला प्रत काढण्याचा, मालवेअरसाठी ती तपासण्याचा, आणि सर्व्हर बदलण्याची वेळ आली की सगळे नव्या यंत्रावर हलवण्याचा. एका खात्यात काही शे गीगाबाइट साचले की ही सर्व कामे रेंगाळतात आणि त्याच सर्व्हरवरची इतरांची संकेतस्थळे मंदावतात. आता आपला हिशेब पाहा. आजच्या कॅमेऱ्यातील एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल साधारण ३० मेगाबाइटची धरली आणि एका लग्नाचे ३,००० फोटो धरले, तर एका लग्नाचेच ९० गीगाबाइट होतात. हंगामात दहा लग्ने केली, तर आकडा कुठे जातो ते सांगायला नको.

आपल्या खात्यातल्या फाइली कुणी कर्मचारी उघडून पाहत बसला होता, असे समजू नका. सर्व्हरवर ठरावीक काळाने एक प्रोग्रॅम चालतो. तो झिप, रार, टार, आयएसओ अशा प्रत्ययांच्या मोठ्या फाइली शोधतो, कोणत्या खात्यात किती साठले आहे याची यादी करतो आणि मर्यादा ओलांडलेल्या खात्यांना आपोआप ईमेल जातो. हा ईमेल खाते उघडताना दिलेल्या पत्त्यावर येतो. त्यामुळे त्या ठिकाणी रोज उघडला जाणारा पत्ता असावा. त्याच होस्टिंगवरचा पत्ता तर मुळीच देऊ नये, कारण खाते बंद झाले की तो पत्ताही बंद होतो.

सध्या करायचे काम असे. खाते बंद झाले म्हणजे फाइली लगेच पुसल्या जातात असे नाही. कंपनीच्या मदत विभागाला लिहून, फाइली उतरवून घेण्यासाठी ठरावीक दिवसांपुरता एफटीपी प्रवेश (फाइलींची ने-आण करण्याची वाट) मागावा. भाषा सौम्य ठेवावी आणि कोणत्या फोल्डरमधले काय काढणार आहात ते स्पष्ट लिहावे; अशा पत्राला बहुधा होकार मिळतो. फाइली आधी उतरवाव्यात, चारदोन झिप उघडून फोटो खरेच दिसतात याची खात्री करावी, आणि मगच सर्व्हरवरून पुसाव्यात. येथे एक बारीक गोष्ट अनेकांना अडवते : सी-पॅनेल या होस्टिंगचे खाते हाताळण्याच्या साधनातील फाइल मॅनेजरमधून नेहमीच्या पद्धतीने काढलेली फाइल खात्यातच ‘ट्रॅश’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि जागेच्या हिशेबात मोजली जात राहते. ते फोल्डर स्वतंत्रपणे रिकामे केल्याशिवाय आकडा खाली येत नाही, आणि ‘सगळे काढले तरी कंपनी ऐकत नाही’ असा गैरसमज होतो.

पुढच्या काळासाठी मूळ फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत आणि ग्राहकाला द्यायच्या प्रती पैसे देऊन घेतलेल्या क्लाउड साठवणीत ठेवाव्यात. फाइली साठवणे हाच त्या सेवेचा हेतू असल्याने तिथे हा नियम आड येत नाही. मात्र इंटरनेटचा वेग मोजून घ्यावा. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर वरचे ९० गीगाबाइट चढायला अखंड दहा तास लागतात.

प्रश्न : सातपूरला आमचा लहान वर्कशॉप आहे. होस्टिंगची जागा ५० जीबी असून वापर फक्त ६ जीबी दिसतो, तरीही ‘मर्यादा संपली’ असा संदेश येतो आणि ग्राहकांचे ईमेल परत जातात. असे का होते?

उत्तर : आपली जागा संपलेली नाही, फाइलींची संख्या संपलेली आहे. सर्व्हर प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर यांची नोंद ‘आयनोड’ या नावाने ठेवतो आणि शेअर्ड होस्टिंगमध्ये एका खात्याला किती आयनोड मिळतील, हे ठरवून दिलेले असते. फाइल एका ओळीची असो वा एक गीगाबाइटची, ती एकच मोजली जाते. ‘अमर्याद’ योजनांतली खरी मर्यादा बहुधा हीच असते आणि ती किमतीच्या तक्त्यात न दिसता धोरणाच्या पानावर दिसते.

वर्कशॉपच्या साध्या संकेतस्थळाला इतक्या फाइली कुठून येतात, तर मुख्यतः ईमेलमधून. अशा बहुतेक सर्व्हरवर प्रत्येक ईमेल ही स्वतंत्र फाइल असते. त्यातच आपल्या डोमेनच्या (संकेतस्थळाच्या पत्त्याच्या) नावाने कोणत्याही पत्त्यावर आलेली पत्रे एकाच पेटीत गोळा करण्याची सोय कुणीतरी सुरू करून ठेवलेली असली, तर जगभरचा कचरा तिथे वर्षानुवर्षे साचतो. सी-पॅनेलमध्ये ‘ईमेल डिस्क यूसेज’ नावाचे साधन आहे. त्यातून ठरावीक काळापेक्षा जुनी पत्रे एकदम काढता येतात. काढण्यापूर्वी कोटेशन आणि खरेदी आदेशांची पत्रे कार्यालयातल्या संगणकावर उतरवून घ्यावीत, हे सांगायला नकोच.

दुसरा वाटा छायाचित्रांचा असतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत एक मोठे छायाचित्र चढवले की ते एकच राहत नाही. मूळ फाइल राहते, २,५६० पिक्सेलपर्यंत लहान केलेली एक प्रत होते, आणि १५०, ३००, ७६८, १,०२४, १,५३६ व २,०४८ पिक्सेलच्या प्रती वेगळ्या तयार होतात. म्हणजे यंत्राच्या एका सुट्या भागाच्या फोटोमागे आठ फाइली झाल्या, आणि आपली थीम स्वतःचे आणखी आकार मागत असेल तर त्याहून अधिक. कॅटलॉगसाठी १,००० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. तो आधीच लहान करून चढवला तर वरच्या आकारांच्या प्रती तयारच होत नाहीत. पाने झटपट उघडावीत म्हणून त्यांच्या तात्पुरत्या प्रती ठेवणाऱ्या कॅशे प्लगइनच्या (जोड-प्रोग्रॅमच्या) फाइलीही तपासून रिकाम्या कराव्यात.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटचा बॅकअप एक प्लगइन रोज घेते आणि सर्व्हरवरच ठेवते. कंपनीने या फाइली काढण्यास सांगितले आहे. बॅकअप घ्या असे सगळेच सांगतात. मग तो घेतल्यावर आक्षेप कशाला?

उत्तर : बॅकअप घेण्यावर आक्षेप नाही, तो तिथेच साठवत राहण्यावर आहे. तात्पुरता बॅकअप तयार करून उतरवून घेणे बहुतेक कंपन्यांना मान्य असते. रोजची एक याप्रमाणे महिन्याच्या तीस प्रती त्याच खात्यात पडून राहिल्या, तर ५०० मेगाबाइटच्या संकेतस्थळामागे १५ गीगाबाइट साचतात आणि त्याला कंपनी हरकत घेते. याही पुढची गंमत म्हणजे पुष्कळ प्लगइन बॅकअपचे फोल्डर वगळण्याची काळजी घेतात, पण सी-पॅनेलमधून घेतलेला पूर्ण बॅकअप प्लगइनने साठवलेल्या आधीच्या प्रतींनाही पोटात घेतो आणि प्रत्येक नवी फाइल आधीच्यापेक्षा फुगत जाते.

कंपनीचा नियम क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या प्रतींचा आपल्याला उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. संकेतस्थळात घुसखोरी झाली तर घुसखोराच्या हाती बॅकअपही लागतो. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदम जातात. खाते बंद झाले तर दोन्हीला एकच कुलूप लागते. १० मार्च २०२१ रोजी पहाटे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला आणि असंख्य संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या शहरात होत्या ते सावरले; ज्यांच्या प्रती त्याच परिसरात होत्या, त्यांच्यापैकी अनेकांना परत मिळण्यासारखे काही उरले नाही.

त्याहून नेहमी घडणारा आणि कमी बोलला जाणारा धोका वेगळाच आहे. संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये, म्हणजे ‘पब्लिक एचटीएमएल’मध्ये ठेवलेली झिप, तिचे नाव ठाऊक असलेला किंवा ओळखू शकणारा कोणीही ब्राउझरमधून उतरवून घेऊ शकतो. ‘बॅकअप’, ‘साइट’, ‘ओल्ड’ किंवा खुद्द डोमेनचे नाव लावून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. आपल्या सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिलीत तर अस्तित्वात नसलेल्या अशा झिपसाठी दार ठोठावून गेलेले पाहुणे सहज सापडतील. वर्डप्रेसच्या पूर्ण बॅकअपमध्ये ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाची फाइल असते आणि तिच्यात डेटाबेसचा, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर व नोंदी साठवणाऱ्या कोठाराचा, पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. डेटाबेसच्या प्रतीत तर प्रवेशअर्ज भरलेल्या विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल क्रमांकही असणार. काही प्लगइन आपल्या फोल्डरला संरक्षण देणारी फाइल लावतात, परंतु ती अपाची या सर्व्हर प्रोग्रॅमवर चालते आणि एन्जिनएक्स या दुसऱ्या प्रोग्रॅमवर तिचा उपयोग होत नाही. तेव्हा कंपनीने हे पत्र पाठवून आपल्यावर उपकारच केले आहेत.

मांडणी अशी करावी. डेटाबेस आकाराने लहान असतो आणि रोज बदलतो, म्हणून त्याची प्रत रोज काढावी. छायाचित्रे व इतर फाइलींची आठवड्यातून एकदा पुरे. वेळ पहाटे तीनच्या सुमाराची ठेवावी. निकालाच्या दिवशी सकाळी अकराला बॅकअप सुरू झाला, तर खात्याला नेमून दिलेली प्रोसेसरची क्षमता तोच खाऊन टाकतो आणि पालकांना पान उघडत नाही. प्लगइनमध्ये प्रत थेट गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणी पाठवण्याची सोय असते. ती सुरू करून सर्व्हरवर फार तर एक प्रत राहू द्यावी. गूगलची मोफत १५ गीगाबाइट जागा ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांना मिळून असते, म्हणून बॅकअपसाठी संस्थेच्या नावाचे वेगळे खाते उघडणे बरे. मुख्याध्यापकांच्या किंवा संगणक शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यात ते ठेवू नये, माणसे बदलतात.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम अजून उत्तम चालतो : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी. वेगळे ठिकाण म्हणजे शेजारची खोली नव्हे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरले होते. नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या पंचवटीकरांना, तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या एकुलत्या एका हार्ड डिस्कचा भरवसा धरू नये, हे वेगळे समजावण्याची गरज नाही. ती डिस्क नाशिकरोडला किंवा सिडकोत राहणाऱ्या एखाद्या विश्वस्तांकडे ठेवली तरी काम भागते.

प्रश्न : आमच्या सराफी पेढीच्या होस्टिंग योजनेत ‘रोजचा बॅकअप समाविष्ट’ असे लिहिले आहे आणि त्याचे वेगळे पैसेही आम्ही देतो. तरीही स्वतःचा बॅकअप ठेवावा काय?

उत्तर : ठेवावा. योजनेच्या पानावर काहीही लिहिलेले असो, कराराच्या पानावर बहुधा असे वाक्य असते की बॅकअप ही सौजन्याने दिलेली सोय आहे, तो उपलब्ध असेलच किंवा परिपूर्ण असेलच याची हमी कंपनी देत नाही आणि स्वतःच्या प्रती ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत ही भाषा थोडी मवाळ असते, तरी भरपाई बहुतेक वेळा भरलेल्या शुल्कापुरतीच मर्यादित ठेवलेली असते. अनेक ठिकाणी ठरावीक आकारापलीकडची किंवा ठरावीक आयनोडपलीकडची खाती या बॅकअपमधून आपोआप वगळली जातात आणि त्याची सूचना ग्राहकाला मिळेलच असे नाही. आपली दागिन्यांची छायाचित्रे मोठी असणार. तेव्हा आपले खाते बॅकअपमध्ये आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे. किती दिवसांच्या प्रती राहतात, हेही विचारावे. सात दिवसांच्याच प्रती राहत असतील आणि घुसखोराने महिन्यापूर्वीच आत येऊन ठाण मांडले असेल, तर सातही प्रती दूषित निघतात.

मोठ्या आणि जाणकार कंपन्यांचीही या बाबतीत फजिती होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या, पण ऐन वेळी त्या निकामी ठरल्या. रोजची प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा असल्याने रोज अपयशी ठरत होता, आणि तसे कळवणारे ईमेल तांत्रिक कारणाने नाकारले जात असल्याने कुणालाच पत्ता नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक वेगळी प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांतले मात्र गेले. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःच जाहीर केली. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या गर्दीआधी आणि अक्षय्य तृतीयेआधी, आपल्या प्रतीवरून संकेतस्थळ एखाद्या उपडोमेनवर (आपल्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) उभे करून पाहावे आणि ते नीट चालते याची खात्री झाली की काढून टाकावे. उभे करून न पाहिलेल्या प्रतीवर पेढीचा ऑनलाइन व्यवहार सोडणे मला तरी धाडसाचे वाटते.

प्रश्न : आम्ही साहित्यविषयक नियतकालिकाची वेबसाइट चालवतो. होस्टिंग बदलताना बॅकअप पुन्हा चढवला आणि सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत बदलला. इंग्रजी मात्र ठीक आहे. मजकूर परत मिळेल काय?

उत्तर : हे मराठी संकेतस्थळांचे खास दुखणे आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यावर फारसे काही सापडत नाही. आधी पडद्यावर नेमके काय दिसते ते पाहावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. ‘नाशिक’ या शब्दाच्या जागी बरोबर पाच प्रश्नचिन्हे दिसत असतील, म्हणजे न, काना, श, पहिली वेलांटी आणि क यांचे प्रत्येकी एक, तर त्या डेटाबेसमध्ये आता खरोखरच प्रश्नचिन्हे साठलेली असण्याची दाट शक्यता आहे आणि त्यांतून मूळ अक्षरे काढता येणार नाहीत. याउलट प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरे आणि चलनाच्या खुणा यांची लांबलचक रांग दिसत असेल, तर घाबरू नये. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, त्यामुळे ‘नाशिक’चे पंधरा बाइट होतात, ते सगळे जागेवर असून फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जात आहेत.

कारण बहुधा असे असते की नव्या सर्व्हरवरचा डेटाबेस ‘लॅटिन-१’ या जुन्या पद्धतीत तयार झाला. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ८.० आवृत्तीपूर्वी तीच पद्धत आपोआप लागू होत असे, ८.० पासून ‘यूटीएफ-८-एमबी-४’ ही पद्धत लागू होते. दुसरे कारण म्हणजे कुणीतरी डेटाबेसच्या बॅकअपची एसक्यूएल फाइल मधेच नोटपॅडमध्ये उघडून ‘एएनएसआय’ या देवनागरी न सामावणाऱ्या प्रकारात जतन केलेली असते. तेव्हा संकेतस्थळावर एकही लेख दुरुस्त करू नये, काहीही जतन करू नये. मूळ बॅकअप फाइलीची आणखी एक प्रत करून ती यूटीएफ-८ दाखवणाऱ्या संपादकात केवळ वाचण्यासाठी उघडावी आणि मराठी नीट दिसते का पाहावे. दिसत असेल तर नवा रिकामा डेटाबेस ‘यूटीएफ-८-एमबी-४’ पद्धतीचा तयार करून, पीएचपी-मायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनात आयात करताना फाइलीची पद्धत यूटीएफ-८ निवडून ती पुन्हा चढवावी. फाइलीतच प्रश्नचिन्हे असतील तर जुन्या कंपनीकडे धाव घ्यावी. खाते नुकतेच सोडले असेल तर तिच्याकडे प्रत असू शकते. यासाठीच नव्या जागी सगळे नीट दिसेपर्यंत जुने होस्टिंग बंद करू नये, एक महिन्याचे भाडे जास्त गेले तरी चालेल.

आपल्या संग्रहातले फार जुने अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर ते फाँटशिवाय रोमन अक्षरांच्या खिचडीसारखे दिसणारच. तो बॅकअपचा दोष नाही. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर हे स्वतंत्र काम आहे.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत येथे आमची द्राक्ष निर्यातीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बिले, शेतकऱ्यांची माहिती आणि प्रयोगशाळेचे अहवाल वेबसाइटच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ठेवून परदेशी खरेदीदारांना लिंक देतो. सर्व्हर परदेशात आहे. सनदी लेखापालांनी हरकत घेतली आहे. ती योग्य आहे काय?

उत्तर : योग्य आहे. कंपनी कायद्याखालील लेखाविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कंपनीची हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो; पूर्वी तो ठरावीक काळाने ठेवला तरी चालत असे. जीएसटीची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, आणि एवढ्या काळासाठी शेअर्ड होस्टिंगचा भरवसा धरणे व्यवहार्य नाही. शेतकऱ्यांचे बँक तपशील, सातबारा आणि मोबाइल क्रमांक उघड्या लिंकवर असणे त्याहून गंभीर आहे. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होत आहेत आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्याला होईल असे नाही. पण नियमांत प्रवेशावर नियंत्रण आणि बॅकअप या दोन्ही गोष्टी अपेक्षित आहेत, हे ध्यानात घ्यावे.

खरेदीदाराला द्यायचा, फवारणीच्या औषधांच्या उर्वरित अंशाचा अहवाल क्लाउड साठवणीतून, ठरावीक दिवसांनी मुदत संपणाऱ्या लिंकने द्यावा. संकेतस्थळावर मालाचे फोटो, पॅक हाउसची माहिती आणि संपर्क एवढेच राहू द्यावे.

प्रश्न : आमच्या हॉटेलची वेबसाइट ज्यांनी बनवली ते पासवर्ड देत नाहीत आणि ‘कंपनीच्या नियमामुळे बॅकअप देता येत नाही’ असे सांगतात. असा नियम असतो काय?

उत्तर : असा नियम माझ्या पाहण्यात नाही. आपले संकेतस्थळ त्यांच्या रिसेलर (जागा घेऊन पुढे ग्राहकांना देणाऱ्या) खात्याखाली असावे आणि मुख्य पासवर्ड दिला तर इतर ग्राहकांची खाती उघडी पडतील, ही त्यांची भीती रास्त आहे. परंतु रिसेलर खात्यातून प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सी-पॅनेल देता येते, तेवढेच मागावे. त्यासोबत डोमेन कोणाच्या नावावर नोंदले आहे तेही पाहावे. ते आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर नसेल, तर बॅकअपच्या आधी तो विषय लेखी मिटवावा, कारण संकेतस्थळ पुन्हा बांधता येते, पण दुसऱ्याच्या नावावरचे डोमेन त्याच्या संमतीशिवाय मिळवणे जिकिरीचे असते.

प्रश्न : होस्टिंगची मुदत संपल्यावर फाइली किती दिवस राहतात?

उत्तर : कंपनीगणिक वेगळे असते, आणि सवलतीचे दिवस हा हक्क नसून बहुधा कंपनीची मर्जी असते. त्या काळात प्रत परत मिळवण्यासाठी वेगळे शुल्कही लावले जाते. मुदत संपण्याच्या आधीच्या आठवड्यात फाइली, डेटाबेस आणि ईमेल या तिन्हींची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी, नूतनीकरण करायचे असले तरीही. ईमेल बहुतेकजण विसरतात. संगणकावरच्या आउटलुकमध्ये पत्रे दिसतात म्हणून ती आपल्याकडे आहेत असे वाटते, पण जोडणी आयमॅप प्रकारची असेल तर ती सर्व्हरवरच्या पेटीची नक्कल असते आणि पेटी गेली की पुढच्या जोडणीत तीही रिकामी होऊ शकते. म्हणून पत्रे आउटलुकमधून स्वतंत्र फाइलीत निर्यात करून ठेवावीत.